हात विसरेपर्यंत

"गाडी काय काम करती?"

सोलापुरात सात रस्त्याच्या मागच्या अंगाला पत्र्याची एक शेड होती. तिच्यात पाऊल टाकलं की हा प्रश्न अंगावर यायचा. विचारणारे मेस्त्री ओरडूनच बोलायचे. उमेदीची बारा-तेरा वर्षं त्यांनी गिरणीत मागांच्या खडखडाटात काढली होती, त्यात कान गेले; त्यांच्याशी बोलणाऱ्यालाही ओरडावंच लागायचं. सगळं जगच आपल्यासारखं बहिरं झालंय अशी त्यांची समजूत असावी. गाडीला काय झालंय असं त्यांनी कुणाला कधी विचारलं नाही. गाडी कुणाची, कुठनं घेतली, हेही नाही. काम काय करते, एवढंच. आणि "काम कसलं, फिरते आपली," असं कुणी म्हणालं की संपलंच.

"फिरत्यात तर कुत्री बी. मी काम इचारलं."

गिऱ्हाईक कितीही मोठं असो, त्याची अशी बिनपाण्यानं व्हायची.

मेस्त्रींचं नाव मला ठाऊक आहे, पण ते मी लिहिणार नाही. ते नाव घ्यायचा हक्क मी माझ्या हातानं घालवलाय. कसा, ते सांगायलाच बसलोय.

त्यांचा धंदा एकच, जुन्या जीपांचे गिअरबॉक्स बदलणं. मिलिटरीच्या लिलावातून आलेल्या चारी चाकं ओढणाऱ्या जीपा तेव्हा आमच्या भागात बऱ्याच होत्या. त्यांना गिअर तीन. चढावर, ओझ्याखाली त्या रडायच्या. मग कुणी भंगारातल्या ट्रकची चार गिअरांची पेटी आणून बसवून घ्यायचं. नुसती बसवणारे सोलापुरात पाच-दहा तरी सापडले असते. कुठली बसवायची, आणि मुळात बसवायची का, हे ठरवणारे मेस्त्री एकटेच. गाडी आली की ते आधी एक दिवस तिच्यात बसून फिरायचे. मालक जाईल तिकडं. तोंडातून अवाक्षर नाही, नजर रस्त्यावर. संध्याकाळी उतरून निकाल सांगायचे.

बार्शीचा एक अडत व्यापारी आला होता. मेहुण्याच्या जीपला चार गिअर, म्हणून ह्यालाही चार पाहिजेत. मेस्त्री त्याच्याबरोबर बार्शीला गेले, दिवसभर बसले, परत आले आणि म्हणाले, "शेट, घरातनं अडतीत, अडतीतनं देवळात. समदा सपाट रस्ता. चौथा गिअर कुटं घालनार, देवळात?"

शेठजींना राग आला. "पैसे मी मोजतोय ना?"

"पैशानं रस्ता चढाचा व्हतोय व्हय?"

गाडी तशीच परत गेली. त्या दिवशी शेडमध्ये चूल पेटवण्याइतकं तरी काम होतं की नाही, देव जाणे. दुसऱ्या एकाला तर तोंडावर म्हणाले होते, "गिअरबॉक्स ब्येस हाय तुमचा. हात वाईट हाय."

कान नव्हते तर बिघाड कळायचा कसा? त्यांच्याकडं बाभळीचं एक दांडकं होतं. इंजिन चालू ठेवायचं, दांडक्याचं एक टोक गिअरबॉक्सला टेकवायचं, दुसरं दातांत धरायचं आणि डोळे मिटायचे. मिनिटभरानं दांडकं काढून ते सांगायचे, "दुसऱ्या गिअरचा एक दात गेलाय." उघडून पाहावं तर एक दात गेलेला. मी त्यांना विचारलं होतं, हे कसं काय जमतं बुवा? म्हणाले, "कानाला खोटं बी ऐकू येतं सायेब. हाडाला येत न्हाय."

काढलेली जुनी पेटी ते भंगारात कधी घालायचे नाहीत. शेडच्या भिंतीला लोखंडी घडवंच्या होत्या, त्यांवर सगळ्या जुन्या पेट्या ओळीनं मांडलेल्या. प्रत्येकीवर खडूनं एक नाव. मालकाचं नव्हे, गाडी चालवणाऱ्याचं. मालक बदलतो, गाडी विकली जाते, पण त्या पेटीत एका माणसाचा हात मुरलेला असतो, असं त्यांचं म्हणणं. मला तेव्हा हा शुद्ध वेडेपणा वाटायचा. ऑफिसात मी त्यांची नक्कल करून दाखवायचो आणि लोक हसायचे.

आणि खरा वेडेपणा तर पुढंच होता. नवी पेटी बसवून झाली, गाडी धुऊन पुसून उभी राहिली, की मालकाला वाटायचं आता चावी मिळणार. छे! आता शाळा सुरू. हे नाव त्यांनीच ठेवलेलं. शेडच्या कोपऱ्यात दोन लाकडी वाशांवर जीपची एक जुनी सीट ठोकलेली होती, पुढं पायाशी क्लच आणि शेजारी गिअरचा दांडा. नवी पेटी ज्या जातीची, तसाच दांडा ते तिथं जोडायचे. ड्रायव्हरनं तिथं आठ दिवस बसायचं. मेस्त्री काम करता करता ओरडायचे, "पैला! दुसरा! मागं!" आणि त्यानं त्या त्या जागी दांडा घालायचा. चहा पिताना, भाकरी खाताना, डुलकी लागली असताना, केव्हाही. आठव्या दिवशी परीक्षा. ड्रायव्हर निवांत बसलेला असताना मेस्त्री मागनं चोरपावलांनी येऊन एक मोठा पत्रा दाणकन फरशीवर आपटायचे आणि त्याच दमात ओरडायचे, "मागं!" माणूस टाणकन उडायचा. त्या क्षणी त्याचा हात कुठं जातो, तेवढंच ते बघायचे. नव्या जागी गेला तर चावी. जुन्या जागी गेला तर आणखी आठ दिवस.

"डोसकं एका दिसात शिकतं," ते म्हणायचे. "हाताला इसरायला टाइम लागतो. दचकल्यावर मानसाला डोसकं नसतं, नुसता हात असतो."

हे त्यांना शिकवलं होतं गिरणीनं. काही माग डाव्या हाताचे असतात, काही उजव्या हाताचे. मेस्त्री वर्षानुवर्षं डाव्या हाताच्या मागावर होते. एक दिवस त्यांना उजव्या हाताच्या मागावर घातलं, आणि पहिल्याच पाळीत काहीतरी तुटल्याच्या आवाजानं दचकून माग थांबवायला त्यांनी हात घातला तो जुन्या सवयीनं जुन्या जागी. तिथं मूठ नव्हती. दोन बोटं गेली. उरलेली तीन बोटं ते सांगताना समोर धरायचे आणि हसायचे. मी त्या हसण्याकडं बघायचो, बोटांकडं बघायचो नाही.

मी तेव्हा एका सरकारी खात्यात ओव्हरसियर होतो. बहात्तरचा दुष्काळ पडला आणि माळावरच्या एका पाझर तलावाच्या कामावर माझी नेमणूक झाली. माती वाहणारी कितीतरी माणसं, त्यांत बायाच जास्त. प्यायचं पाणी खालच्या विहिरीतून टाकीत भरायचं आणि ती टाकी जीपमागं जोडून माळावर चढवायची. जीप लिलावातली, तीन गिअरांची. अर्ध्या चढावर ती ढेपाळायची, क्लचमधून धूर निघायचा, आणि बाया घागरी घेऊन तेवढं अंतर खाली उतरून यायच्या. उन्हात मातीच्या पाट्या वाहून झाल्यावर वर हा उद्योग.

ड्रायव्हर शिवाप्पा. अक्कलकोटकडचा, घरी कानडी, त्यामुळं मराठीतही "व्हय री, न्हाय री" असं चालायचं. वीस वर्षं तीन गिअरांचीच जीप चालवलेली. घरी बायको आणि दोन मुली. दर शनिवारी न चुकता घरी जायचा, आणि जाताना मुलींसाठी लिमलेटच्या गोळ्या घ्यायचा. मला म्हणायचा, "साहेब, ही गाडी माझ्या हाताला वळखते री."

मीच मेस्त्रींना कामावर आणलं. ते दिवसभर जीपमध्ये बसले. चढ पाहिला, धूर पाहिला, घागरींची रांग पाहिली. एका म्हातारीनं त्यांनाच साहेब समजून विचारलं, "आज तरी पानी वर येनार का रं बाबा?" मेस्त्रींना ते ऐकू गेलं नसणार, पण तिचं तोंड त्यांना दिसलं. संध्याकाळी त्यांनी माझा दंड धरला.

"आता कळलं गाडी काय काम करती. पानी चढवती. ट्रकची पेटी घालतो सायेब. पैला गिअर असा हाय की मानूस गाडीच्या म्होरं चालत जाईल, पर इंजन बंद पडनार न्हाय. काय बी झालं तरी बंद पडनार न्हाय."

मी इतका खूश झालो की काय सांगू. सहा दिवस ते त्या गाडीखालून बाहेर आले नाहीत. इंजिन आणि नवी पेटी यांच्यामधली जाड चकती लेथवर तीनदा कातून घेतली. पेटी लांब, म्हणून मागचा शाफ्ट चार बोटं कापला, पुढचा तेवढाच वाढवला. जुनी पेटी घडवंचीवर गेली, तिच्यावर खडूनं नाव आलं: शिवाप्पा. आणि शिवाप्पा शाळेत बसला.

आता एक गोष्ट नीट सांगायला पाहिजे, कारण सगळं तिच्यावरच आहे. जुन्या पेटीत दांडा डावीकडं ओढून पुढं ढकलला की गाडी मागं जायची. ट्रकच्या पेटीत तीच जागा पहिल्या गिअरची. मागं जायचं असेल तर दांडा पार उजव्या टोकाला न्यायचा. म्हणजे वीस वर्षं ज्या जागी हात गेला की गाडी मागं सरायची, त्याच जागी हात गेला की ती आता पुढं जाणार.

तिसऱ्या दिवशी मी शेडमध्ये गेलो. पाण्यावाचून कामाचे हाल चालले होते. बैलगाड्यांनी कितीसं पाणी येणार! शिवाय दोन दिवसांनी वरचे साहेब पाहणीला यायचे होते. मेस्त्रींनी माझ्यासमोरच पत्रा आपटला. शिवाप्पाचा हात डावीकडं गेला आणि पुढं.

"बगितलं?" मेस्त्री म्हणाले. "हात अजून जुनाच हाय."

"मेस्त्री, तिकडं बाया पाण्यासाठी तडफडतायत आणि तुम्ही इथं पत्रे आपटत बसलाय? चावी आणा."

"पाच दिस द्या."

"एक दिवस देणार नाही."

शिवाप्पाही मध्ये पडला. "मी जपून चालवतो की री, मेस्त्री."

"जपून समदीच चालवत्यात. मी दचकल्यावरचं इचारतोय." मग ते माझ्याकडं वळले, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला. "मग असं करू सायेब. पाच दिस मी चालवतो. फुकट. शिवाप्पा बाजूला बसंल."

किती सोपं होतं! मी काय म्हणालो? म्हणालो, "खात्याबाहेरच्या माणसाला सरकारी गाडी चालवता येत नाही. नियमात बसत नाही." नियम होता, हे खरं. पण त्या दुष्काळात तसले किती नियम आम्ही खुंटीला टांगले होते! खरं कारण वेगळं होतं. एक बहिरा, तीन बोटांचा मेस्त्री माझ्यासारख्या शिकलेल्या माणसाला चावी देत नाही, हे मला सहन होईना. पाण्याचं नाव पुढं केलं, पण हट्ट माझा होता.

कागद काढला, 'वाहन सुस्थितीत ताब्यात मिळाले' असं लिहून सही ठोकली. मेस्त्रींनी तो लांब धरून वाचला.

"गाडी सुस्थितीत हाय. मानसाचं बी ल्हिवा की."

"त्याला रकाना नाही," मी म्हणालो, आणि स्वतःच्या विनोदावर हसलो.

तीन दिवस जीप अशी चढली की बाया टाळ्या वाजवायच्या. पाणी थेट वर. शिवाप्पाचा हात व्यवस्थित चालत होता. वरचे साहेब येऊन गेले, पाठ थोपटून गेले. मी मनात म्हणालो, बघा मेस्त्री, तुमची शाळा!

चौथ्या दिवशी भर दुपारी शिवाप्पानं जीपमागची टाकी सोडवली आणि बांधावर वाटेतच बसलेल्या बायांना चुकवायचं म्हणून जीप कडेला घेतली, तोंड तलावाच्या खोल अंगाला. बांध अजून कच्चा होता. मी दहा पावलांवर उभा होतो. पुढच्या उजव्या चाकाखालची माती सुटताना मला दिसली, आणि मी जिवाच्या आकांतानं ओरडलो, "शिवाप्पा, मागं! मागं घे!"

त्यानं दचकून माझ्याकडं पाहिलं. त्याचा खांदा हलला. डावीकडं आणि पुढं.

जीप मागं आली नाही. पुढं गेली. सावकाश, माणूस चालत जाईल इतकी सावकाश. जुनी पेटी असती तर इंजिन गचका खाऊन बंद तरी पडलं असतं. हे बंद पडलं नाही. बंद पडणार नाही असंच ते बसवलेलं होतं. बांधाच्या कडेवरून ती खालच्या दगडांत गेली आणि उलटी झाल्यावरसुद्धा तिची चाकं फिरत होती. बाया किंचाळत होत्या. मी खाली कसा उतरलो ते मला आठवत नाही. शिवाप्पा दगडांवर पडला होता. बोलला नाही. बोलण्यासारखा उरलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी मेस्त्री यष्टीनं आले. खाली उतरून त्यांनी चेपलेल्या जीपमध्ये डोकं घातलं आणि गिअरचा दांडा कुठं आहे तेवढं पाहिलं. वर येऊन माझ्यासमोर उभे राहिले. मला वाटलं आता हा माणूस माझं नरडं धरणार. धरायला हवं होतं.

"पैल्यात व्हता," ते म्हणाले. आणि निघून गेले.

चौकशी झाली. मेस्त्रींना बोलावलं. त्यांनी जबाब दिला, "गाडी मी सोडली. हात तयार नसताना मी सोडली." एवढंच. माझा कागद नाही, माझा हट्ट नाही, पाच दिवस फुकट चालवतो म्हणालो होतो हेही नाही. चौकशीच्या साहेबांनी विचारलं, "तुमच्यावर कुणाचा दबाव होता का?" मेस्त्रींनी नुसती मान तिरकी केली. साहेबांनी तोच प्रश्न इतका मोठ्यानं विचारला की बाहेरच्या व्हरांड्यातले शिपाई आत डोकावले. मेस्त्रींनी माझ्याकडं एकदा पाहिलं आणि म्हणाले, "ऐकू येत न्हाय सायेब."

मी तिथंच बसलो होतो. तोंड उघडलं नाही. नोकरी होती, घरी आईवडील होते, ही असली कारणं माणसाला कधी कमी पडत नाहीत. अहवाल माझ्याच अक्षरात उतरला: 'चालकाने घाबरून चुकीचा गिअर टाकल्याने अपघात. चालकाची चूक.' शिवाप्पाची बायको दोन्ही मुलींना घेऊन ऑफिसात आली होती. मोडक्या मराठीत म्हणाली, "वीस वर्स गाडी चालवला री त्यांनी. एक कोंबडी मारला न्हाई. त्यांची चूक कसं म्हणता?" मी तिला पाणी दिलं. दुसरं काय देणार होतो? थोरल्या मुलीनं पाण्याचा पेला नको म्हणून परत सरकवला.

त्यानंतर मेस्त्रींनी एकही पेटी बदलली नाही. त्याऐवजी जे आरंभलं त्यानं सारा गाव हसला. ज्या ज्या गाडीला त्यांनी नवी पेटी बसवली होती तिच्या मालकाकडं ते जायचे आणि हात जोडून म्हणायचे, "तुमची जुनी पेटी जपून ठिवलीया. परत बसवून देतो. पैसा नको." लोक म्हणायचे, मेस्त्री, तुमचं डोकं फिरलं का? गाडी झकास चालतीय की! मेस्त्री म्हणायचे, "चालती ओ. पर दचकल्यावर?" दोघातिघांनी कटकट नको म्हणून बसवून घेतली. बाकीच्यांनी हाकलून दिलं. घडवंच्यांवरच्या पेट्या तशाच गंजत गेल्या. हळूहळू शेडमध्ये येणारं कुणी उरलं नाही.

तीनेक वर्षांनी माझी बार्शीला बदली झाली. निघण्याआधी मी ठरवलं, आज सांगायचं. रात्रंदिवस घोकलं होतं. शेडमध्ये गेलो तर मेस्त्री शाळेच्या त्या सीटवर एकटेच बसले होते, हात दांड्यावर. खूप वाळले होते. भिंतीवर बाकीच्या पेट्यांवरची नावं पुसट झाली होती. शिवाप्पाचं नाव मात्र खडूनं परत परत गिरवलेलं, ठळक.

मी त्यांच्यासमोर उकिडवा बसलो आणि म्हणालो, "मेस्त्री, चूक माझी होती. तुम्ही पाच दिवस मागितले, मी दिले नाहीत. 'मागं घे' म्हणून ओरडलो तोही मीच. शिवाप्पाला मी मारलं." हे सगळं मी हळू आवाजात म्हणालो. शेजारी पंक्चरवाल्याचं दुकान, समोर रस्त्यावर माणसांची ये-जा. माझा आवाज त्याच्यावर चढेना.

मेस्त्रींनी मान तिरकी केली. "काय म्हनला सायेब? मोट्यानं बोला की."

त्यांना खरंच ऐकू गेलं नव्हतं, की चौकशीच्या दिवसासारखं त्यांनी ते ऐकू जाऊ दिलं नव्हतं, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. एवढं कळलं की ते वाट बघत होते. तोंडाकडं बघत, दांड्यावरचा हात न हलवता. मला फक्त ओरडायचं होतं. त्या बांधावर ओरडलो होतो तसं, एकदा.

"बदली झाली," मी ओरडलो. "बार्शीला. म्हणून भेटायला आलो."

त्यांनी दांड्यावरचा हात काढला.

"येवडंच व्हय?"

"एवढंच," मी म्हणालो. हे मात्र चांगलं मोठ्यानं म्हणालो. शेजारच्या पंक्चरवाल्यालाही ऐकू गेलं असेल.